किती फूट राहिलंय?

मागच्या एप्रिलात रात्री साडेअकराला आमच्या गल्लीत बोअरची गाडी आली. गाडी म्हणायची एक, पण येतात दोन. एकीवर ड्रिलचा मनोरा आडवा निजवलेला, दुसरीवर कॉम्प्रेसर आणि पाइपांची चवड. नंबरप्लेट तमिळनाडूची. दिवसा गल्लीत शाळेच्या रिक्षा, भाजीचे गाडे, म्हणून हे काम रात्री धरतात. मनोरा उभा राहिला, नारळ फुटला आणि कॉम्प्रेसर सुरू झाला.

पाच मिनिटांत खिडकीची काच थरथरायला लागली. मग हातोडा खडकाला लागला. आमच्याकडं मातीचा थर संपला की खाली काळा पाषाणच. पाणी लागेपर्यंत त्याची राखी भुकटी फवाऱ्यासारखी वर उडते आणि गच्चीवरच्या कपड्यांवर, वाळत घातलेल्या कुरडयांवर, टाकीच्या झाकणावर बसते. नाकात गेली की घशापर्यंत दगडाची चव येते. मी खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला, उशी कानावर घेतली. उशीचा काही उपयोग नव्हता, कारण आवाज हवेतून जेवढा येत होता तेवढाच पलंगाच्या पायांतून येत होता. छातीत धडधडत होतं. दात एकमेकांवर किती घट्ट बसलेत हे जबडा दुखायला लागला तेव्हा कळलं.

आणि राग धड करताही येईना. ज्यांच्या दारात बोअर चाललं होतं ते तीन महिने टँकरवर काढत होते. २०१६ चा एप्रिल मी विसरलेली नाही. मिरजेहून आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्याच्या आदल्या महिन्यात गावातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. टँकरच्या रांगेत मीही कळशी घेऊन उभी होते. पाण्यासाठी चाललेल्या आवाजाला शिव्या देणं माझ्या जिभेला जमत नाही. पण जिभेला जमत नाही म्हणून कानाला, छातीला, जबड्याला तरी कुठं समजतं?

साडेबाराच्या सुमारास दार वाजलं. आमच्या वरच्या खोलीत नीटची तयारी करणारी एक पोरगी भाड्यानं राहते, कंधारकडची. लातुरात अशा हजारो पोरी असतात, गावाकडून आलेल्या, एका खोलीत दोघी-तिघी, भिंतीवर आवर्त सारणी आणि आईबापाचा फोटो. तिची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. कानात कापसाचे बोळे घालून ती दारात उभी होती आणि डोळे लाल.

"मॅडम, हे कधी थांबल?"

मी म्हटलं, "पाणी लागलं की थांबल."

"ते कधी लागल?"

याला काय उत्तर देणार? मग मी चप्पल घातली आणि खाली गेले. भुकटीनं पांढराफटक झालेला एक माणूस मशीनजवळ उभा होता, फक्त डोळे तेवढे काळे. हिंदी त्याला आणि मला सारखीच मोडकी. "भैया, कितना फूट बाकी है?" मी ओरडून विचारलं. त्यानं हाताची पाच बोटं दाखवली, मग सहा. पाचशे झालेत, सहाशेपर्यंत जायचंय. मग दोन बोटं. "दो घंटा, अम्मा."

वर येऊन मी तिला सांगितलं, अजून दोन तास. तिनं मोबाइलवर गजर लावला, माझ्याच हॉलमध्ये सतरंजी टाकली आणि वीसेक मिनिटांत झोपली. मशीन तेच, हातोडा तोच, काच तशीच थरथरत होती. मीही कधी झोपले कळलं नाही. पावणेतीनला जाग आली ती आवाज थांबला म्हणून. साडेपाचशेला दोन इंच पाणी लागलं होतं. गल्लीतून चिखलाचा ओघळ वाहत होता आणि त्या घरातली वहिनी एवढ्या रात्री चहाची किटली घेऊन मशीनवाल्यांना कप देत होती.

त्या रात्रीनंतर मी पुष्कळ दिवस एकाच गोष्टीचा विचार करत होते. आवाज एक डेसिबलनंही कमी झाला नव्हता. मग त्या दोन बोटांनी कमी काय केलं?

याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. मी शाळेत शिकवते, त्यामुळं मानसशास्त्र थोडंफार वाचनात येतं. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोघा अमेरिकन संशोधकांनी गोंगाटावर प्रयोग केले आणि १९७२ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्यांनी एक मुद्दाम घाणेरडा आवाज तयार केला. स्पॅनिश बोलणारी दोन माणसं, आर्मेनियन बोलणारं एक, प्रती काढायचं चक्रमुद्रण यंत्र, टाइपरायटर आणि गणनयंत्र हे सगळं एकमेकांत मिसळलेलं. १०८ डेसिबलपर्यंत. तो ऐकवत लोकांना कामं दिली. बहुतेकांनी कामं नीट केली. माणूस तेवढा चिवट असतो. फरक पडला तो आवाज बंद झाल्यावर. ज्यांना आवाज कधीही, कसाही ऐकवला गेला होता ते नंतरच्या शांततेत मुद्रितशोधनात जास्त चुका करत होते आणि अवघड कोडी लवकर सोडून देत होते. ठरावीक अंतरानं ऐकणाऱ्यांची एवढी वाताहत झाली नाही. आणखी एका गटाला तर एक बटण दिलं होतं. अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही नुसतं बटण हाताशी असणाऱ्यांचं नंतरचं काम बाकीच्यांपेक्षा कितीतरी चांगलं झालं.

त्या रात्री मशीनवाल्याची दोन बोटं हे आमचं बटण होतं.

आता माझ्याबद्दल सांगते. लहानपणापासून मी घरात 'नाजूक' म्हणून गणलेली. स्टीलच्या ताटावर चमचा घासला की मी कान झाकायची. मिरचीच्या फोडणीचा ठसका सगळ्यांना लागतो, मला त्यानंतर तासभर खोकला. लग्नाच्या मांडवात जनरेटरचा धूर आणि अत्तराचा वास एकत्र आला की पोटात ढवळून यायचं. ट्यूबलाइटची चोक खराब झाली की तिची घूंऽऽ मला ऐकू यायची, इतरांनाही यायची, पण त्यांचं काही बिघडत नसे. आत्या म्हणायची, "ह्या पोरीला कशाचंच सोसना." सासरी आल्यावर मी शिकले, सोसत नाही हे दाखवायचं नाही. एसटीत शेजारचा माणूस मोबाइलवर मोठ्यानं रील लावून बसला की मी खिडकीबाहेर बघते. पंधरा सेकंदांचं एक गाणं, पुन्हा दुसरं, पुन्हा तेच पहिलं. उदगीर येईपर्यंत मान आणि खांदे दगड झालेले असतात. कुणी विचारलं तर काय सांगणार, काय झालं म्हणून? काहीच झालेलं नसतं.

आपल्या भाषेत एक क्रियापद आहे, मानवणं. मला ते फार आवडतं. "तिथलं पाणी मानवलं नाही." "त्याला मुंबईची हवा मानवत नाही." "लेकराला म्हशीचं दूध मानवलं." यात दोष कुणालाच नाही. पाणी वाईट असं म्हणत नाही, माणूस दुबळा असंही म्हणत नाही. दोघांचं जमलं नाही एवढंच. अशा माणसाला कुणी हसत नाही, उलट त्याच्यासाठी पाणी उकळून ठेवतात. हे औदार्य आपण पाण्याला, दुधाला, हवेला दाखवतो, आवाजाला मात्र नाही. "मला हा आवाज मानवत नाही" असं म्हणून बघा. समोरचा माणूस चमकेल. आवाजाच्या बाबतीत आपल्याकडं दोनच जाती, सहन करणारे आणि तक्रारखोर.

खरं तर हा फरक मोजलेला आहे. १९७८ साली नील वाइनस्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी आवाजाबद्दलची संवेदनशीलता मोजायची प्रश्नावली तयार केली. तेव्हापासूनच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्यांना आवाजाचा त्रास जास्त होतो त्यांचे कान काही जास्त तिखट नसतात. श्रवणचाचणीत ते इतरांसारखेच. कानापर्यंत सगळ्यांचं सारखंच पोचतं, फरक पडतो तो पुढं. मेंदू आलेल्या आवाजाला 'असू दे' म्हणून सोडून देतो की 'थांब, हे काय आहे' म्हणून धरून ठेवतो, त्यावर सगळं अवलंबून. माझा मेंदू धरून ठेवतो. हे वाचलं तेव्हा माझं वय अडतीस होतं. तोपर्यंत मला वाटत होतं माझ्यात काहीतरी कमी आहे.

शरीराच्या हिशेबी मात्र धूळ, आवाज, वास, उकाडा असं वेगवेगळं खातं नसतंच. हान्स सेली या शास्त्रज्ञांनी १९३६ साली मॉन्ट्रियलमध्ये उंदरांवर काम करताना हेच पाहिलं. थंडी असो, जखम असो, अति श्रम असोत की एखादं औषध, उंदरांच्या शरीरात होणारे बदल त्याच ठशाचे. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झालेल्या, जठरात व्रण. सेलींच्या कामानंतरच 'स्ट्रेस' हा शब्द वैद्यकात रुजला, आपण त्याला ताण म्हणतो. म्हणून सकाळी धुळीनं शिंका आलेल्या, दुपारी उन्हात उभं राहिलेल्या बाईला संध्याकाळी कुकरची तिसरी शिट्टी असह्य होते, तेव्हा ती शिट्टीवर चिडलेली नसते. बेरीज झालेली असते.

"सवय होते." हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल याची गणतीच नाही. होते, काही गोष्टींची होते. पण सगळ्याच गोष्टींची होत नाही, हे मला पुस्तकानं नव्हे, तात्यांनी शिकवलं.

तात्या म्हणजे माझे चुलते. त्यांच्या बांधाला गाजर गवत होतं, सगळ्यांच्याच असतं. १९५० च्या दशकात परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते इथं आलं असं सांगतात, पुण्याजवळ पहिल्यांदा नजरेत भरलं आणि पुढं देशभर पसरलं. तात्या वीस वर्षं ते उघड्या हातांनी उपटत आले. काही झालं नाही. आणि मग एका श्रावणात त्यांच्या पापण्या सुजल्या. मानेवर, कोपराच्या घडीत कातडी जाड, काळी, भेगाळलेली, आणि रात्रभर खाज. डॉक्टर म्हणाले गाजर गवत. तात्यांना पटेना. "वीस वर्षं उपटलालो की डॉक्टरसाहेब, आताच कसं काय?" डॉक्टरांनी छान समजावलं. वीस वर्षं तुमचं शरीर त्याची ओळख करून घेत होतं, आता ओळख पटली. यापुढं उपटायचीही गरज नाही, वाऱ्यावरून आलं तरी पुरे. तात्यांनी परभणीच्या कृषी विद्यापीठातून मेक्सिकन भुंगे आणून सोडले. ते भुंगे गाजर गवताची पानं खाऊन जगतात. बांध थोडा उघडा झाला. कातडी पूर्वीसारखी कधीच झाली नाही.

मला आवाजाबद्दल बोलताना नेहमी तात्यांच्या पापण्या आठवतात. हायवेलगत राहणारी माणसं सांगतात, आता आम्हाला ट्रकचं काही वाटत नाही. खरंच वाटत नसेल. झोपलेल्या माणसांवरच्या अभ्यासात असं दिसलंय की रोजच्या आवाजानं जाग येणं हळूहळू कमी होतं, पण आवाज आला की हृदयाचे ठोके वाढतात ते मात्र तसे थांबत नाहीत. माणसाला सवय झाली, हृदयाला झालेली नसते. ते सकाळी काही सांगत नाही एवढंच.

आमची शाळा रस्त्याच्या कडेला आहे. ऊस सुरू झाला की दिवसभर ट्रॅक्टर. मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर भोंगा. रस्त्याकडच्या वर्गात शिकवताना मी वाक्य अर्ध्यात थांबवते, ट्रॅक्टर जाऊ देते, मग पुढचं अर्धं बोलते. पोरं तोपर्यंत पहिलं अर्धं विसरलेली असतात. न्यूयॉर्कमध्ये अशीच एक शाळा होती, तिच्या एका बाजूनं उन्नत रेल्वे जायची. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ मध्ये दाखवून दिलं की रुळांकडच्या वर्गांतली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागं पडतात, वरच्या वर्गांत जवळजवळ वर्षभरानं. मग रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छतं केली. पुढच्या पाहणीत तो फरक गेला होता. शाळा तीच, रेल्वे तीच. आम्ही आमच्याकडं एवढंच केलं की पहिलीचा वर्ग मागच्या बाजूला नेला आणि रस्त्याकडच्या खोलीत पोषण आहाराचं धान्य ठेवलं. याला एक पैसा लागला नाही, फक्त कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं. ही माझ्या आयुष्यातली आवाजाबद्दलची पहिली उघड तक्रार, वयाच्या चाळिसाव्या वर्षी.

कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा दिलेली आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. आकडे ऐकायला जवळजवळचे वाटतात, पण डेसिबलची पट्टी सरळ नसते. दहा डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे ४५ च्या जागी ७५ झाले तर हजारपट. हा हिशेब मी सातवीच्या पोरांना करायला लावते आणि शून्य मोजताना त्यांचे चेहरे बघते. पण कायद्याबद्दल याहून जास्त लिहावंसं वाटत नाही. ज्या गल्लीत उद्या त्याच माणसाकडून कळशीभर पाणी मागायचं असतं, तिथं रात्री बाराला कोण पोलिसांना फोन लावतं?

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते आमच्या गावातलं जुनं वळण. आमचं गाव औसा तालुक्यातलं. खळं गावाला लागूनच होतं. मळणीच्या आदल्या संध्याकाळी, ज्याची मळणी असेल तो माणूस वाऱ्याखालच्या चार घरी स्वतः जाऊन सांगायचा. "उद्या मळणी हाय बरं का. वाळवण घालू नका." आमच्या दारात आला की आजीला आवर्जून म्हणायचा, "पोरीला खोकला हाय न्हवं, तिला रानाकडं धाडा दिवसभर." ज्वारीचं कूस, तुरीचं भूस, सगळं गाव पिवळं व्हायचं, अंगाला खाज सुटायची, डोळे चुरचुरायचे. पण मला त्या धुळीचा राग आल्याचं आठवत नाही. मला खोकला आहे हे गावाला माहीत होतं. धूळ माझ्यावर येण्याआधी माझ्या दारात येऊन निरोप देऊन गेली होती.

सप्ताहाचंही तसंच. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस देवळावर भोंगा. पण पत्रिकेवर सगळं छापलेलं. पहाटे चारला काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन, आठव्या दिवशी काला. आईला तर काकड्याशिवाय जागच आल्यासारखी वाटत नाही. शेजारी बाळंतीण असली की मंडळी भोंग्याचं तोंड फिरवून द्यायची. आज सोयाबीनला मळणीयंत्र येतं ते ज्याचा नंबर लागेल त्याच्याकडं, रात्री अपरात्री, आणि मालकालाच दोन तास आधी कळतं. तो कुणाला सांगणार?

इतका वेळ मी ज्यांच्याबद्दल लिहायचं टाळत आलेय ते माझे वडील, अण्णा.

३० सप्टेंबर १९९३. मी दहा वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ ही नावं त्या सकाळी जगाला कळली. आमचं गाव त्या बावन्न गावांत नव्हतं जी पार भुईसपाट झाली, पण जुनी घरं तशीच होती सगळीकडं, दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. आमची मागची भिंत आत पडली. आजी त्या खोलीत होती.

लोक म्हणतात भूकंप हलला. अण्णा म्हणतात भूकंप वाजला. आधी आवाज आला, जमिनीतून, दहा ट्रक एकदम सुरू केल्यासारखा, आणि मग हिसका बसला. किल्लारीच्या बाजूला त्याआधी वर्षभर अधूनमधून धक्के जाणवत होते, आवाज येत होते. लोकांनी सांगितलं होतं. १९९२ च्या ऑक्टोबरात माणसं घाबरून घराबाहेर झोपली होती, आणि पुन्हा आत गेली. सवय झाली होती.

त्यानंतर अण्णा छताखाली झोपलेच नाहीत, सात-आठ वर्षं. आधी पत्र्याचं शेड, मग अंगण, मग नव्या घराचा ओटा. आत यायला लागले तरी बाज दाराला लावून. आणि उशाशी जमिनीवर पितळी तांब्या, त्यावर उपडी वाटी. जमीन हलली की वाटी वाजावी म्हणून. आई सुरुवातीला रागवायची, नंतर तीच रात्री वाटी ठेवायला लागली.

ती वाटी तीस वर्षं वाजतेय. भूकंपानं दोन-चारदाच. बाकी सगळा काळ ट्रक, ट्रॅक्टर, खदाणीतले सुरुंग, आणि गेल्या काही वर्षांत डीजे. डीजेचा खालच्या पट्टीतला ठोका भिंतीनं अडत नाही. वरच्या पट्टीतले सूर भिंत गिळते, हा ठोका मात्र आरपार येतो आणि जमिनीतूनही पोचतो. भाद्रपदातल्या त्याच रात्री, विसर्जनाच्या मिरवणुकीत, वाटी थरथरायला लागते आणि अण्णा उठून बसतात. त्यांचं वय आता अठ्ठ्याहत्तर. कुणाच्या उत्सवाला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. तेही पूर्वी लेझीम खेळायचे. नुसते उठून बसतात, तांब्याकडं बघत, एक हात बाजेच्या खुरावर.

डॉक्टरांनी एकदा गोळ्या दिल्या होत्या, झोपेच्या. अण्णांनी घेतल्या नाहीत. म्हणाले, "झोपलो अन् वाटी वाजली तर?"

कुणाला हा वेडेपणा वाटेल. पण या मातीत अजून आवाज येतात. हिंगोली जिल्ह्यातल्या पांगरा शिंदे गावचे लोक वर्षानुवर्षं जमिनीतून येणाऱ्या आवाजांबद्दल सांगत आलेत, आणि २०२४ मध्ये मार्चात आणि जुलैत त्या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत असेच धक्के बसले आणि माणसं रात्री बाहेर आली. २०२३ च्या फेब्रुवारीत खुद्द लातुरात, विवेकानंद चौकाच्या भागात जमिनीतून आवाज आला, लोक रस्त्यावर धावले, पण भूकंपमापकावर काही उमटलं नाही. त्या दिवशी शाळेत होते मी. ज्या शिक्षकांचा जन्म १९९३ च्या आधीचा होता ते एका सेकंदात दारात होते. नंतरच्या पिढीतले बसूनच होते, 'काय झालं' विचारत. कान सगळ्यांचे सारखेच.

मग माझा मेंदू आवाज धरून का ठेवतो, याचं उत्तर मला थोडंफार कळतं. सगळं नाही. भूकंपाच्या आधीही मी ताटावरच्या चमच्यानं कान झाकायचेच. पण त्या पहाटेनंतर आमच्या घरात आवाज ही ऐकून सोडून द्यायची गोष्ट राहिली नाही. प्रत्येक आवाजाचं मूळ शोधायचं आणि मग झोपायचं. हे मी अण्णांकडून घेतलं, दुधासारखं.

गेल्या दिवाळीत अण्णांना आठ दिवस लातूरला आणलं. येताना त्यांनी पिशवीत धोतरजोडीखाली तांब्या आणि वाटी आणली होती. माझं घर रिंग रोडपासून फार लांब नाही. पहिल्या रात्री वाटी सतत वाजत राहिली. प्रत्येक वेळी अण्णा अंधारात विचारायचे, "काय वाजलालंय गं?" मी म्हणायची, ट्रक. मी झोपेत असले तर ते वाट बघत बसायचे, उत्तर मिळेपर्यंत. पहाटे मला ते तसेच बसलेले दिसले.

दुसऱ्या रात्री मी माझी गादी त्यांच्या पलंगाशेजारी जमिनीवर टाकली. रस्त्याकडच्या बाजूला. लांबून येणारा ट्रक वाटीच्या आधी मला ऐकू येतो. आयुष्यभर ज्या कानांनी छळलं ते कान. मी त्यांनी विचारायची वाट बघितली नाही.

"अण्णा, ट्रक येतोय. मोठा आहे. वाटी वाजल."

वाटी वाजली.

"व्हय," अण्णा म्हणाले, आणि कुशीवर वळले.

"आता ट्रॅक्टर. रिकामा आहे."

यावेळी काही उत्तर आलं नाही. वाटी थोडी किणकिणली आणि थांबली. रिंग रोडवर मागून आणखी एक येत होता, मी त्याचंही हळू आवाजात सांगितलं.